बाबांचं पीचचं झाड

आपल्या बेळगावात पेरू, फणस, चिकू परसापरसात दिसतील. पण घरामागे पीच आहे म्हटलं की लोक हसतात. आमच्याकडे मात्र ते आहे. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग हिमाचलात. येताना गोवा एक्सप्रेसमधून ट्रंकेबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक काठी आणली, त्यावर पान एक नाही. आई म्हणाली, "पेन्शनवर सरपण फुकट मिळालं व्हय?"

पीचला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही आणि आपला पाऊस तर माहीतच आहे. म्हणून बाबांनी तांबड्या मातीचा गुडघाभर उंच ओटा करून त्यावर ते लावलं. झाड झपाट्यानं वाढलं, पण तीन वर्षं फूल नाही. पीचची कळी हिवाळ्यात झोपते आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट उठत नाही. डोंगरातल्या जातींना ७ अंशांखालचे कितीतरी शे तास लागतात. पंजाबच्या मैदानातल्या शरबती, शान-ए-पंजाब यांना कमी लागतात, पण तेवढी थंडीही आपल्याकडे कुठली!

उपाय सांगितला निपाणीच्या मामानं. त्याचा जन्म तंबाखूचे शेंडे खुडण्यात गेलेला. "दाजी, डाळिंबाला ताण देतात न्हवं, तसा ह्याला द्या की." मग दिवाळीनंतर पाणी तोडायचं आणि एका रविवारी आम्ही भावंडांनी पाटी घेऊन सगळी पानं हातानं काढायची, असं ठरून गेलं. जानेवारीच्या शेवटी पाणी सोडलं की गुलाबी फुलं दिसायची. पहिल्या वर्षी मोजून सहा.

छाटणी बाबा स्वतः करायचे. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं, पीचला गेल्या वर्षीच्या काडीवर. त्यामुळं जुनं लाकूड काढायचं आणि तांबूस काड्या राखायच्या. फळ सुपारीएवढं झालं की दाटीतली काढून टाकायची, उरलेल्यांना फळमाशीपासून कागदी पिशव्या बांधायच्या. सगळ्यात चांगल्या वर्षी २३ फळं आली, लिंबाहून जरा मोठी, आंबटगोड. आईनं फोडी करून गल्लीत वाटल्या.

बाबा घरात फौजेबद्दल कधी बोलत नसत. पिशव्या बांधतानाच काय ते बोलायचे. बर्फाबद्दल, रात्रीच्या पहाऱ्याबद्दल, आणि परत न आलेल्या एका जोडीदाराबद्दल. त्याच्या गावच्या घरामागे पीच होतं. हे आम्हाला झाड लावल्यावर आठ वर्षांनी कळलं.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मागच्या वर्षी घराची वाटणी झाली आणि गाडी लावायला परस सपाट करायचं ठरलं. धाकटा म्हणाला, "वर्षाला दहा-बारा फळं, त्याच्यासाठी एवढी जागा?" त्याचंही खोटं नव्हतं. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गाडी रस्त्यावर लावा. त्यांचा माणूस हितं राहतोय."

पीच फार जगत नाही, पंधरा-वीस वर्षं. खोडातून आता डिंक येतो, एक फांदी वाळलीय. दिवाळीनंतर पानं मी काढली, खालून आई सांगत होती कुठली राहिली ते. यंदा अकरा फळांना पिशव्या बांधल्यात. आई रोज सकाळी मोजते.