चांच्यांच्या गोष्टी आणि आमचा समुद्र

गेल्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब कोंकणांतील आमच्या जुन्या घरीं गेलों होतों. एके दिवशीं तिन्हीसांजेला वीज गेली आणि रात्रीं बराच वेळ आली नाहीं. शहरांत वाढलेल्या आमच्या अकरा वर्षांच्या नातवाच्या हातांतलें यंत्रहि थोड्याच वेळांत मुकें झालें. तेव्हां तो ओटीवर आमच्यापाशीं येऊन बसला व म्हणाला, "आजोबा, गोष्ट सांगा, पण शेवटीं तात्पर्य नको." ही अट ऐकून आम्हांला हंसूं आलें. लहानपणीं आमचीहि आमच्या आजोबांपाशीं नेमकी हीच तक्रार असे! माळ्यावरच्या पेटींत स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'ची, आमच्या शाळकरी वयांतली, बांधणी सुटलेली प्रत अजून होती. ती शोधून काढली, कंदील लावला, आणि एक वाक्य इंग्रजींत वाचावें व त्याचा अर्थ मराठींत सांगावा, अशा रीतीनें आमचें पारायण सुरू झालें.

ही गोष्ट जन्मली तीहि अशाच एका घरांत अडकून पडलेल्या मुलासाठीं. सन १८८१ च्या उन्हाळ्यांत स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार या गांवीं बिऱ्हाड करून राहिला होता. पाऊस कांहीं थांबेना. त्याच्या पत्नीचा पहिल्या विवाहाचा मुलगा लॉइड बरोबर होता. त्याच्यासंगें रंगांशीं खेळतां खेळतां एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला, आणि नकाशांतून गोष्ट निघाली. रोज एक प्रकरण लिहावें व घरांतल्या मंडळींना वाचून दाखवावें, अशीं पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणें झालीं. मुलाइतकेच स्टीव्हन्सनचे वडीलहि गोष्टींत रंगून गेले. हे गृहस्थ दीपगृहें बांधणारे नामांकित इंजिनिअर. गोष्टींतल्या मेलेल्या खलाशाची पेटी उघडण्याचा प्रसंग आला, तेव्हां तींतून काय काय निघावें याची यादी त्यांनीं एका लखोट्याच्या पाठीवर स्वतः लिहून दिली, आणि मुलानें ती जशीच्या तशी घेतली. त्याच वर्षीं ऑक्टोबरपासून ही गोष्ट 'यंग फोक्स' या साप्ताहिकांत 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनांवानें येऊं लागली. तेव्हां ती कोणाच्या फारशी नजरेंत भरली नाहीं. १८८३ सालीं तिचें पुस्तक निघालें, आणि मग मात्र तिनें जग जिंकलें.

वाचतां वाचतां आम्ही लाँग जॉन सिल्व्हर या एका पायाच्या आचाऱ्याच्या पोपटापाशीं आलों. सिल्व्हर जहाजाच्या मुदपाकखान्यांत बसून लहानग्या जिमला आपल्या पांखराची थोरवी सांगत असतो. हें पांखरूं दोनशें वर्षांचें असेल, यानें मादागास्कर पाहिलें, मलबार पाहिलें, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चांचे चढले तेव्हांहि हें तेथें हजर होतें! नातू ताडकन् उठून बसला. "गोवा? आपला गोवा?" होय, आपलाच गोवा. हें वाक्य लहानपणीं आमच्याहि नजरेखालून अनेकदां गेलें असलें पाहिजे. परंतु तेथें आम्ही कधीं थबकलों नाहीं. गोष्टींतला समुद्र साहेबाचा, चांचेहि साहेबाचे. त्यांत आपला किनारा डोकावत असेल, ही कल्पनाच आम्हांला शिवली नव्हती.

आणि ही निव्वळ पोपटाची बडबड नव्हे. गोव्याचा व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट, कारकीर्द संपवून स्वदेशीं निघाला असतां त्याचें जहाज वादळांत सांपडलें, डोलकाठ्या गमावून बसलें, आणि बूर्बों, म्हणजे आजच्या रेयुनियन, बेटाच्या आश्रयाला गेलें. तेथें एप्रिल १७२१ मध्यें टेलर व ला बूझ या चांच्यांनीं तें लुटलें. चांचेगिरीच्या इतिहासांतल्या सर्वांत मोठ्या लुटींत या लुटीची गणना होते. टेलरचा आधींचा नायक एडवर्ड इंग्लंड. त्यानें १७२० मध्यें ईस्ट इंडिया कंपनीचें 'कॅसँड्रा' हें जहाज घेतलें, परंतु त्याचा कप्तान मॅक्रे शरण आला तेव्हां त्याला जीवदान दिलें. ही दया साथीदारांना मानवली नाहीं. त्यांनीं इंग्लंडला नायकपदावरून दूर करून मॉरिशस बेटावर सोडून दिलें. जीवदान मिळालेला मॅक्रे पुढें मद्रासचा गव्हर्नर झाला!

मॅक्रेचा न्याय होत असतां मोठमोठ्या मिशांचा, लांकडी पायाचा एक चांचा शिव्यांची लाखोली वाहत त्याच्या बाजूनें पुढें सरसावला, असें कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नांवानें १७२४ सालीं लंडनांत निघालेल्या चांच्यांच्या इतिहासांत दिलें आहे. सिल्व्हरचा पाय तेथूनच आला असावा, असें कित्येकांना वाटतें. स्टीव्हन्सननें स्वतः मात्र आपला मित्र, कवि हेन्ली, याच्याकडे बोट दाखविलें. रोगामुळें हेन्लीचा पाय कापावा लागला होता, परंतु त्याचा दरारा दोन पायांच्या माणसाहून अधिक होता.

जॉन्सनचें हें पुस्तक म्हणजे चांच्यांच्या कथांची मोठी खाण. तींत बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरील करारनामा आहे. लुटींत कप्तान व क्वार्टरमास्टर यांना दोन दोन वांटे, गोलंदाजांच्या नायकाला दीड वांटा. आणि कामावर असतां कोणाचा हात किंवा पाय गेला तर त्याला सामाईक गंगाजळींतून ८०० डॉलर. हें सारें सफरीवर निघण्यापूर्वीं ठरलेलें. "म्हणजे विमाच कीं!" नातू म्हणाला. पुढें थोडा वेळ थांबून त्यानें विचारलें, "आजोबा, मग त्या पुस्तकांत कान्होजी आंग्रे आहेत का?"

आहेत, आम्हीं सांगितलें. परंतु 'अँग्रिया' या नांवानें, आणि चांचा म्हणून. १७३७ सालीं क्लेमेंट डाउनिंग नांवाच्या, कान्होजींच्या विरुद्ध मोहिमांत स्वतः असलेल्या एका इंग्रज दर्यावर्दीचें पुस्तक निघालें. त्याच्या तर मथळ्यांतच 'अँग्रिया चांचा' असे शब्द आहेत. नातवाचा चेहरा उतरला. "मग ते खरेंच चांचे होते?"

तात्पर्य नको म्हणणाऱ्या मुलानेंच आम्हांला तात्पर्यापाशीं आणून उभें केलें! 'छे, मुळींच नव्हे,' असें रागानें म्हणणें सोपें होतें. परंतु रागावून दिलेलें उत्तर मुलांच्या मनांत टिकत नाहीं, हा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्हीं त्याला सावकाश सांगितलें. कान्होजी हे शाहूमहाराजांचे सरखेल. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे किल्ले त्यांच्या हातीं होते. ते तह करीत व त्यांच्याशींहि तह केले जात. आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या गलबतानें आपलें दस्तक घ्यावें, न घेतल्यास तें पकडलें जाईल, असा त्यांचा नियम. हा नियम त्यांनीं नवा काढलेला नव्हे. पोर्तुगीज लोक याच किनाऱ्यावर दोनशें वर्षें 'कार्ताझ' या नांवानें हेंच करीत आले होते. पोर्तुगीजांनीं परवाना मागितला कीं ती सत्ता, आणि कान्होजींनीं मागितला कीं ती चांचेगिरी! मुंबईचा गव्हर्नर बून यानें १७१८ मध्यें खांदेरीवर आरमार पाठविलें, तें हात हालवीत परत आलें. डिसेंबर १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. त्यांच्याबरोबर होता कमोडोर मॅथ्यूज, ज्याला विलायतेहून मादागास्करच्या चांच्यांचा बीमोड करण्यासाठीं धाडलें होतें! ज्या वर्षीं खऱ्या चांच्यांनीं गोव्याच्या व्हाइसरॉयला लुटलें, त्याच वर्षाच्या अखेरीची ही गोष्ट. कुलाबा पडला नाहीं. १७२९ सालीं कान्होजी वारले ते अजिंक्यच.

एवढें सांगून आम्हीं हेंहि सांगितलें कीं, दस्तक नसल्यामुळें ज्या गरीब व्यापाऱ्याचें गलबत ओढून नेलें गेलें, त्याला सत्ता आणि चांचेगिरी यांतल्या भेदानें काय समाधान लाभलें असेल? मुलाला एक बाजू सांगावी आणि दुसरी झांकून ठेवावी, हें आम्हांला बरें वाटलें नाहीं.

पुढची हकीकत सांगतांना मात्र आमचा आवाज खालीं आला. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. तुळाजी आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळून खाक झालें. परंतु इंग्रजांना या कामीं हाताशीं धरलें होतें खुद्द नानासाहेब पेशव्यांनीं. तुळाजी त्यांना जुमानीत नव्हता, त्याचा जाच किनाऱ्यावरच्या लोकांनाहि होता, हें सर्व खरें. पेशव्यांचें नांव आमच्या घरांत आदरानें घेतलें जातें, व यापुढेंहि घेतलें जाईल. परंतु घरांतलें भांडण मिटविण्यासाठीं आपण शेजाऱ्याकडून आपलाच दरवाजा फोडून घेतला, हें कबूल केल्यावांचून आमच्या समुद्राची गोष्ट पुरी होत नाहीं. किल्ल्यांत सुमारें १० लाख रुपयांची लूट मिळाली. ती इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. मराठ्यांच्या हातीं त्यांतलें कांहीं लागलें नाहीं. आणि कोणाला किती वांटा मिळावयाचा, हें मुंबईहून निघण्यापूर्वींच अधिकाऱ्यांच्या बैठकींत ठरलें होतें. नातू चटकन् म्हणाला, "रॉबर्ट्ससारखेंच!" आम्हांला आणखी कांहीं सांगण्याची गरज उरली नाहीं.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र एक विचार आम्हांला सोडीना. इंग्रजांनीं कान्होजींना चांचे म्हटलें, याबद्दल आम्ही त्यांना दोष देतों. परंतु त्यांनीं निदान लिहिलें तरी! त्यांच्याकडे ज्याच्या हातीं सुकाणू त्याच्याच हातीं पुष्कळदां लेखणीहि आली. कॅप्टन मॅरियट चौदाव्या वर्षीं आरमारांत शिरला, ब्रह्मदेशच्या पहिल्या युद्धांत लढला, आणि मग 'मिस्टर मिडशिपमन ईझी' लिहिता झाला. जो स्वतः दर्यावर्दी नव्हता तोहि शिकला. बॅलंटाइननें 'कोरल आयलंड'मध्यें नारळाचें वर्णन केलें आहे तें विलायती दुकानांतल्या सोललेल्या नारळाचें. नारळाला वरून सोडण असतें, हें त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतें. तें वाचून लहानपणीं आम्ही भावंडें पोट धरून हंसलों होतों. परंतु ही चूक कळल्यावर, यापुढें लिहावयाचें तें स्वतः पाहून, असा त्यानें निश्चय केला, आणि दीपगृहाची कादंबरी लिहिण्यापूर्वीं तो भर समुद्रांतल्या बेल रॉक दीपगृहांत जाऊन राहिला. हें दीपगृह स्टीव्हन्सनच्या आजोबांनीं बांधलेलें!

आमच्याकडे काय झालें? ज्यांना लिहितां येत होतें त्यांच्यावर सिंधुबंदी होती. समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त; समुद्र पाहावयाचा तो स्नानापुरता आणि नारळी पौर्णिमेपुरता. आणि ज्या भंडारी, कोळी, गाबीत, खारवी दर्यावर्दींच्या बळावर आंग्र्यांचें आरमार चाललें, त्यांच्या हातीं लेखणी कोणी दिली नाहीं. कान्होजींवर इतिहासग्रंथ झाले, कादंबऱ्याहि झाल्या; परंतु गुराबेवरच्या साध्या खलाशाच्या तोंडचें, त्याचें स्वतःचें असें चार पानांचें कथन आम्हीं अजून वाचलेलें नाहीं.

हा दोष आम्ही केवळ पूर्वजांच्या माथीं मारूं शकत नाहीं. आमच्या लहानपणीं वाडीच्या टोकाला एक म्हातारा तांडेल राहत असे. त्यानें ऐन उमेदींत शिडाच्या गलबतांतून मलबारपर्यंत कितीतरी फेऱ्या केल्या होत्या. येतांना मंगळुरी कौलें आणावयाचीं. आमच्या घरावरचीं कौलेंहि त्यानेंच आणलेलीं, असें आजी सांगे. नारळ नेण्यासाठीं तो आला कीं खालच्या पायरीवर बसे. त्याला चहा तेथेंच मिळे, आणि त्याची पितळी वेगळी असे. वर ओटीवर झोपाळ्यावर बसून आम्ही हेंच पुस्तक वाचीत असूं. सिल्व्हरच्या पोपटानें मलबार पाहिलें म्हणून आम्ही थरारून जात होतों, आणि ज्यानें मलबार खरेंच पाहिलें तो चार हातांवर बशींत चहा ओतीत होता! एकदां तो आपण होऊन म्हणाला, "वादळांत शिडाला धरूं नये, आधीं माणसाला धरावें." त्यापुढें काय झालें होतें, कोणाला धरलें, कोण हातचा सुटला, हें आम्हीं विचारलें नाहीं. तांडेलाला जाऊन आतां खूप वर्षें झालीं.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही नातवाला घेऊन बंदरावर गेलों. आगोट जवळ आल्यामुळें होड्या वर ओढण्याची गडबड चालली होती. एक वयस्क खलाशी जाळें दुरुस्त करीत बसला होता. आम्ही संकोचानें जरा दूरच उभे राहिलों, परंतु नातू सरळ त्याच्यापाशीं जाऊन वाळूंत बसला व म्हणाला, "काका, वारा कोठून येतो हें तुम्हांला आधीं कसें कळतें?" खलाशानें एकवार आमच्याकडे पाहिलें, जाळें बाजूला ठेवलें, आणि तो सांगूं लागला. ऊन चढेपर्यंत तो सांगत होता.

असो. घरीं आल्यावर नातवानें आमच्या त्या जुन्या प्रतीच्या मागल्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनें वाऱ्यांचीं नांवें लिहून काढलीं. शुद्धलेखन बरेंच चुकलें आहे. आम्हीं तें तसेंच राहूं दिलें आहे.