पोथीचं मशीन

आमच्या वस्तीवर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. जेवणं उरकून, जनावरांना वैरण टाकून माणसं गोळा होतात. राहुरी तालुक्यात ऊस, कांदा आणि रात्रीची लाईट यांनी माणसाला स्वतःची रात्र ठेवलेली नाही, तरी पंधरा-वीस माणसं येतातच. पोथी म्हणजे श्रीधरस्वामींचा हरिविजय. 1702 साली पंढरपुरात पुरा झालेला ग्रंथ, छत्तीस अध्याय. श्रावणाचे दिवस तीस, म्हणजे काही रात्री दोन अध्याय ओढावे लागतात. वडलांच्या माघारी वाचायला मी बसतो. शिक्षण दहावी, पण ओवी वाचायला दहावी पुष्कळ झाली.

2023 साली श्रावण दोनदा आला, अधिक आणि निज. त्याच साली माझे डोळे गेले. अगदी आंधळा झालो नाही. मोतीबिंदू आधीच काढला होता, पण साखरेनं आतला पडदा खराब केला, असं डॉक्टर म्हणाले. जिथं बघावं तिथंच मधोमध डाग. पोथीचं अक्षर तसं ठळक असतं, पण ओव्या सलग छापलेल्या. एक ओळ सुटली की पुढची सापडत नाही. भिंग धरलं तर त्यावर बल्बची चमक.

मग मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. निम्मी पोथी मला पाठ. दिसेना तिथं आठवून म्हणायचो, आठवेना तिथं गाळून पुढची ओवी धरायचो. शेजारी अर्थ सांगणारे अण्णा मान डोलवत होते. फुटक्या चारीतून पाणी चालावं तसा ग्रंथ चालला होता. वर वाहताना दिसतंय, शेवटच्या वाफ्याला किती पोचतंय ते विचारू नका. समाप्तीचा नारळ माझ्या हातात दिला, तेव्हा तो घेताना मान वर झाली नाही. पुढल्या साली दुसरा वाचक बघा, असं सांगायचं मी ठरवून टाकलं होतं.

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. त्यानं स्वतःसाठी घेतलेलं आणि कपाटात पडलेलं एक मशीन माझ्यापुढं ठेवलं. ई-रीडर. 2007 साली अमेरिकेत अॅमेझॉनचं किंडल निघालं, तेव्हापासून ही जात लोकांना ठाऊक झाली. आमच्या लहानपणच्या पाटीच्या निम्म्यानं असेल. "काका, यात अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं," म्हणाला. बाजरीच्या दाण्याएवढं अक्षर त्यानं वाढवत वाढवत चिंचोक्याएवढं केलं. मला 'क' दिसला. सगळा दिसला, पोटासकट.

मोबाईलचा पडदा डोळ्यात उजेड फेकतो, तसं याचं नाही. आत डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कुप्या, त्यांत काळे आणि पांढरे कण. करंट मिळेल तसे काळे वर येतात आणि अक्षर उमटतं. उमटलेलं अक्षर धरून ठेवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. म्हणून भर उन्हात बांधावर बसूनही स्वच्छ दिसतं आणि एका चार्जिंगवर आठवडे निघतात. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला अशी अक्कल असती तर!

पुतण्या दोन दिवसांनी पुण्याला गेला. पुढचं सगळं नवव्या इयत्तेतल्या नातीनं केलं. मोबाईलवरून त्याला नेट द्यायचं, पण वस्तीवर रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात. तिथं शेणात उभं राहून आम्ही खातं उघडलं. पासवर्ड काय ठेवायचा? मी म्हणालो, बैलाचं नाव ठेव. मशीन म्हणालं, हा पुरेसा मजबूत नाही. माझा सर्जा चिखलातून उसाची गाडी ओढून काढायचा, आणि हा मजबूत नाही! शेवटी सर्जाच्या पुढं आकडे लावले तेव्हा पटलं त्याला.

खरी गंमत पोथी आत घालताना झाली. पहिल्यांदा मिळाली ती पीडीएफ. म्हणजे पानाचा फोटोच. मोठं करायला गेलं की निम्मी ओवी कडेच्या बाहेर, मग बोटानं इकडं ओढा, तिकडं ओढा. दुसरी फाईल जुन्या फॉन्टातली. उघडली तर पानभर मुंग्यांची वारुळं. नातीनं सांगितलं, आपल्याला युनिकोड पाहिजे. त्यात प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर असतो, म्हणून कुठल्याही मशीनवर 'क' हा 'क'च राहतो आणि अक्षर वाढवलं की ओळ आपली आपण खाली वळते. तसा टाईप केलेला हरिविजय तिला नेटवर सापडला. एकेक अध्याय तिनं आत घातला.

पण टाईप करणाराही माणूसच. म्हणून सगळा आषाढ आम्ही दोघं रोज रात्री ओसरीवर बसलो. ती छापील पोथी वाचायची, मी मशीनवर जुळवायचो. 'ळ' चा 'ल', तुटलेले जोडाक्षर, असं बरंच निघालं. एका अध्यायात तर लागोपाठ दोन ओव्याच गळालेल्या. नात चिडली. "आजोबा, असं कसं कुणी गाळून पुढं जातं?" मी वैरणीचं निमित्त काढून उठलो.

2024 च्या श्रावणात पहिल्या रात्री देवळात थोडी कुजबुज झाली. तात्या म्हणाले, "ह्याला फूल कुठं वाहायचं? फडक्यात बांधायचं कसं?" मी छापील पोथी पाटावर ठेवली, पूजा तिची केली आणि त्यावर मशीन टेकवलं. तरी एका वहिनींनी भक्तीनं मशीनलाच हळदकुंकू लावलं. बोट लागल्याबरोबर पान उलटलं, अजून एकदा लावलं, अजून एक उलटलं. गोकुळातून कुठच्या कुठं गेलो. परत येईपर्यंत सगळं देऊळ हसत होतं. नंतर मशीनला कुंकू बंद.

मधे एका रात्री लाईट गेली. पडद्याला स्वतःचा मंद उजेड आहे, त्यामुळं वाचन थांबलं नाही. अंधारात नुसता आवाज चाललेला. वडील कंदिलावर वाचायचे ते आठवलं.

माझी थोरली चुलती, नानी, नव्वदीला टेकलीय. तिला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. खांबाला टेकून बसते, ऐकता ऐकता डोळा लागतो असं आम्ही समजतो. समाप्तीच्या रात्री तिला हाताला धरून घरी नेत होतो. पायरी उतरताना ती थांबली.

"बाबू, औंदा गाळली नाय ना एक बी?"

"नाय नानी."

"मंग बरं," म्हणाली, आणि काठी पुढं टाकली.