दवाखान्यातला फळा



आमच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, केसपेपर काढायच्या खिडकीशेजारी, शाळेत असतो तसा एक काळा फळा आहे. दर महिन्याला त्यावरचा मजकूर बदलतो. मार्चमध्ये ऊन, जूनमध्ये जुलाब, ऑगस्टमध्ये डासांचा ताप, थंडीत खोकला आणि धाप. तोच मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲपवरही येतो. लिहिणाऱ्या नर्सताईंचे अक्षर मोठे आणि भाषा आपल्या स्वयंपाकघरातली, वाटी-चमच्याची. एवढा खटाटोप कशासाठी, असे डॉक्टरांना एकदा विचारले. ते म्हणाले, "वहिनी, आजारी पोर मांडीवर असताना आईच्या कानात काही शिरत नाही. पोर बरं असताना वाचलेलं तेव्हा आठवतं."

आमचा भाग कृष्णा-पंचगंगेकाठचा. २०१९ आणि २०२१ चे महापूर आम्ही पाहिले. पूर ओसरला की गढूळ पाणी आणि मुलांचे जुलाब मागे राहतात. म्हणून जूनचा फळा सगळ्यात जास्त वाचला जातो. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करायचे नाही, कारण मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते. कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचे. हे वाचून सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपलंच." खरेच आहे. आपल्याकडे गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे आणि चांगल्या उकळलेल्या पाण्याची २४ तास.

या साध्या पाण्याची ताकद जगाला दाखवणारे डॉ. दिलीप महालनबीस हेही मुलांचेच डॉक्टर. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. त्यांनी उपचार आईच्या हातात दिला.

पण आपल्या घरांत एक अडचण येते, ती रात्रीची.

गेल्या दशलक्षण पर्वात जाऊबाईंच्या अडीच वर्षांच्या लेकाला संध्याकाळपासून जुलाब सुरू झाले. दिवेलागणीपर्यंत चार वेळा पातळ झाली, एक उलटी झाली. सासूबाईंचा रात्रिभोजन त्याग चाळीस वर्षांचा. त्या म्हणाल्या, "अस्तमान झालं. आता पोटाला विसावा द्या, सकाळी बघू." जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या. वाद घालायची ती वेळ नव्हती. मी फोनमधला फळ्याचा फोटो काढून सासूबाईंना वाचून दाखवला. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा ते एक कप ओआरएस, लहानाला पाव ते अर्धा कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. अंगावरचे दूध चालूच. आणि खाली ठळक अक्षरांत: डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, लघवी होत नाही, मूल मलूल पडले, पीत नाही किंवा शीत रक्त दिसले, तर रात्र असो वा दिवस, थेट दवाखान्यात या.

सासूबाईंनी ऐकले. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नियम माझा आहे, बाळाचा नव्हे. आणा ती वाटी." त्या रात्री साडेतीन वाजेपर्यंत त्याच त्याला चमच्याने पाजत बसल्या होत्या. स्वतः मात्र पाण्याचा थेंब घेतला नाही. पहाटे त्याने भरपूर लघवी केली, तेव्हा त्यांनी णमोकार म्हणून हात जोडले. सकाळी डॉक्टरांनी तपासले आणि झिंकचे औषध दिले. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायला सांगितले.

मला वाटते, इथे धर्म मोडला नाही, उलट नीट पाळला गेला. सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप अशा दोन भावना आहेत. त्याग आणि तप, पण आपापल्या शक्तीप्रमाणे. अडीच वर्षांच्या मुलाची शक्ती किती, हे ओळखणे आपले काम, आणि ते ओळखायला फळा मदत करतो.

त्याच पर्वात नऊ वर्षांच्या पुतणीने अनंत चतुर्दशीच्या उपवासाचा हट्ट धरला. मुलांच्या अंगात साखरेचा साठा मोठ्यांपेक्षा कमी असतो आणि लवकर संपतो, म्हणून निर्जल उपवास नको, असे भाद्रपदाच्या फळ्यावर होतेच. नुसते "नको" म्हटले असते तर ती हिरमुसली असती. तिला रसत्याग समजावून सांगितला. तिने दहा दिवस गोड सोडले, चॉकलेटसुद्धा. बस्तीत पंडितजींनी सगळ्यांसमोर तिचे कौतुक केले.

काही ठिकाणी फळा आणि आपले आचरण आपोआप जुळते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातल्या जंतूंमुळे लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो, असे तिथे लिहिले होते. आपल्या आठ मूलगुणांत मधुत्याग आहेच. काही ठिकाणी मात्र आपल्याला जास्त जागे राहावे लागते. बी१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही. आपल्या घरांत ते मुख्यतः दूध-दह्यातून येते. म्हणून दुधाला नाक मुरडणारे मूल असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. बाजारातल्या खोक्यातल्या गोड पेयांपासूनही सावध राहा. त्यांच्या नावातल्या 'ओआरएस'विरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षे आवाज उठवला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरायला बंदी केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते बघूनच घ्या.

यंदा पर्वाआधी एका रविवारी डॉक्टर बस्तीच्या सभागृहात तासभर येणार आहेत. महिला मंडळाने प्रश्न लिहून ठेवले आहेत. निम्मे प्रश्न आज्यांचे आहेत, याचा मला फार आनंद आहे, कारण घरात रात्री शेवटचा शब्द बहुधा त्यांचाच असतो.

तुमच्या डॉक्टरांकडे असा फळा नसेल तर त्यांना सुचवून बघा. खडूचा खर्च कितीसा? आणि आजच ओआरएसची दोन पाकिटे पाण्याच्या पिंपाशेजारच्या फडताळात ठेवा, आजींना दिसतील अशी.

जय जिनेंद्र.