रूथ, आई आणि हक्कसोड

बरेच दिवस एक खरेदी रखडलीये. बायबलवरच्या भाष्यांचा पन्नासेक खंडांचा संच संगणकावर घ्यायचा, की लागेल तसा एकेक खंड? सवलत दिसली की मोह होतोच..

परवा डाळजला आईसोबत रूथचं पुस्तक वाचत होतो. रूथनं वेचलेला सरवा म्हणजे काय हे इंग्रजी भाष्यकार केवढं समजावून सांगतात! आईला ते सांगावं लागलं नाही, तिनं ज्वारीचा सरवा वेचलाय. ती अडली चौथ्या अध्यायात. "त्या नातलगानं पायातला जोडा का रं काढून दिला?"

फुकटातला मॅथ्यू हेन्री उघडला. माणूस १७१४ साली वारलेला. तो म्हणतो, जमिनीवर पाय ठेवायचा हक्क सोडल्याची ती खूण.

"हक्कसोडपत्रच की मग!" आई म्हणाली आणि गप्प झाली. मामांना तिनंही लिहून दिलंय. जरा वेळानं म्हणाली, "जमीन नामीची ना? मग वेशीत सगळे बापेच कसे? ती कुठाय?"

याचं उत्तर हेन्रीकडे सापडेना. संच राहू दे. रॉबर्ट हबर्ड यांचं १९८८ चं रूथवरचं एकच भाष्य घेतलं. जाडजूड आहे. पुढच्या रविवारपर्यंत चौथा अध्याय तरी वाचून डाळजला जायचंय.