तानशाच्या रानातला पिंगळा

फजरची नमाज अदा करून आम्ही कसारा लोकल पकडली. आटगावला उतरून रिक्षाने तानसा तलाव गाठला. मुंबईला पाणी पाजणारा हा तलाव, पण भाच्याचे सारे लक्ष भोवतालच्या सागाच्या रानाकडे. १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये इथेही दिसला, म्हणून त्याचा हट्ट.

नऊच्या सुमारास फांदीवर एक छोटे घुबड दिसले. भाच्याने फोटो काढला आणि लगेच पक्षिमित्रांच्या गटाला कळवायला निघाला.

"मामू, रानपिंगळाच! भर उजेडात बसलाय."

सोबतचा वाटाड्या म्हणाला, "साधा पिंगळाही उन्हात बसतो. डोकं बघा."

फोटो मोठा केला. डोक्यावर पांढरे ठिपके दाट. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास नसतात.

भाचा खट्टू झाला. परतताना त्याला मायनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने संग्रहालयातला जुना रानपिंगळा चोरला, नव्याने भरला आणि १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावली. त्या खोट्या चिठ्ठीने शोधणारे भलतीकडे गेले. आपल्या सलीम अलींनाही हा पक्षी शोधून सापडला नाही. पुढे पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदींवर भरवसा ठेवला आणि साथीदारांसह शहाद्याजवळ तो शोधून काढला.

आटगावच्या फलाटावर चहा घेता घेता भाच्याने नोंद पाठवली. ठिकाण, वेळ आणि पुढे: "साधा पिंगळा, एक."