ई-पुस्तकात पान कुठून येते?

ईपब फाइल उघडून पाहिली, तर आत झिप करून ठेवलेल्या एचटीएमएलच्या फायली, सीएसएस आणि चित्रे सापडतात. पाने मात्र कुठेच नसतात. ती वाचनाचे सॉफ्टवेअर ऐन वेळी जुळवते. १९९३ साली आलेल्या पीडीएफचे उलट. तिथे प्रत्येक अक्षराची जागा आधीच पक्की असते. छपाईला ते सोयीचे, पण सहा इंची पडद्यावर ए-फोर आकाराचे पान इकडून तिकडे सरकवत वाचावे लागते. पीडीएफमधला मजकूर काढून नव्याने जुळवण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते. मराठीत ती बऱ्याचदा फसते. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेल्या पुस्तकांत अक्षरांच्या तुकड्यांना रोमन अक्षरांचेच क्रमांक दिलेले असतात आणि बाहेर येतो तो निव्वळ कचरा.

पाने ऐन वेळी जुळवायची म्हटली की पृष्ठक्रमांक अडतो. ‘४८०पैकी २१२’ असे दाखवायचे, तर सगळे पुस्तक आधी जुळवून पाहावे लागते. केओरीडर हे वाचनाचे सॉफ्टवेअर ईपबच्या बाबतीत साधारण हेच करते. म्हणून जाडजूड पुस्तक पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो, निकाल साठवलेला असल्याने पुढच्या वेळी लागत नाही. अक्षराचा आकार बदलला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दुसरा मार्ग म्हणजे समोरचे प्रकरण तेवढे जुळवायचे आणि बाकीचा अंदाज बांधायचा. अंदाज बाइटांवर बेतला तर गंमत होते: यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, साधे रोमन अक्षर एकच. मराठी पुस्तकाच्या शेवटी इंग्रजी परिशिष्ट असेल, तर ते आहे त्याहून बरेच लहान भासते.

खरी कसोटी ओळ तोडताना लागते. डोनाल्ड नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१मध्ये मांडलेली पद्धत संपूर्ण परिच्छेद तोलून तुटीच्या जागा निवडते. वाचनाची बहुतेक सॉफ्टवेअर मात्र ओळीत मावतील तेवढे शब्द भरून पुढे जातात. वेग मिळतो, पण दोन्ही कडा सरळ ठेवल्या की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असे प्रत्ययांनी लांबलेले शब्द मराठीत पावलोपावली भेटतात, त्यामुळे भगदाडेही मोठी. शब्द तोडावा, तर ‘र्थ्यां’ अखंड राहिला पाहिजे. शिवाय ‘वि’मधली वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर असते आणि पडद्यावर आधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. अक्षरांची अशी जुळणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी हे काम चोख करते, पण फुकट नाही: वेळ वाचवण्यासाठी मोजलेल्या शब्दांच्या रुंदी साठवून ठेवाव्या लागतात, तिथे मेमरी खर्ची पडते. अरुंद पडद्यावर मराठीची उजवी कडा मोकळी सोडणेच शहाणपणाचे.

उरते शिरोरेषा. कमी घनतेच्या पडद्यावर ती पिक्सेलच्या दोन ओळींमध्ये पडली, तर करडी आणि पुसट दिसते. पिक्सेलवर ओढून बसवली, तर ठसठशीत होते, पण अक्षराची मूळ ठेवण किंचित बिघडते. इंचाला ३०० पिक्सेल असलेल्या ई-इंक पडद्यांवर हा पेच जवळजवळ मिटला आहे.