ताडपत्रीखालचा दिवा

"लाइट चालू होता." हे वाक्य मी जवळपास वर्षभर बोललो. पोलिसांसमोर बोललो, गाडीमालकासमोर बोललो, चांदूरच्या स्टँडवर चहा पिताना भेटेल त्याच्यासमोर बोललो. घरी बायकोने काही विचारलं नसतानाही तिला ऐकवलं. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते सोडायला मला इतका वेळ लागला.

मी चांदूर रेल्वेचा. पंचवीस वर्षं ट्रक चालवतो आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या ट्रकला उसंत नसते. खेड्याखेड्यांतून कापूस जिनिंगवर न्यायचा, जिनिंगमधून रुईच्या गाठी आणि सरकी बाहेर काढायची, वरुड-मोर्शीकडून आंबिया बहाराची संत्री उचलायची, मग तूर, मग हरभरा. वर्षाची कमाई या चार महिन्यांत होते, आणि धुवारीही, म्हणजे धुकंही, याच दिवसांत पडते. आभाळ मोकळं असलं आणि वारा पडला, की रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतल्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात. गव्हा-हरभऱ्याला पाणी सोडलेलं असेल, जवळ नाला असेल, तर धुवारी आणखी दाट. त्यामुळे दोन किलोमीटर रस्ता लख्ख असतो आणि पुढच्या उतारावर एकदम पांढरी भिंत उभी राहते. शेतकऱ्याला धुवारीत तुरीचा फुलोरा गळायची धास्ती असते. मला वाटायचं, आपल्याला कसली धास्ती? रस्ता तर तोंडपाठ आहे.

त्या पौषात आदल्या दिवशी पावसाचे शिंतोडे येऊन गेले होते. एका व्यापाऱ्याचा खेडा खरेदीचा कापूस भरून मी अमरावतीकडे निघालो. सुटा कापूस वजनाला हलका. त्यामुळे गाडी वजनाने भरत नाही, फुगवून भरतात. फाळक्याच्या वर आणि मागे कापसाचं पोट बाहेर आलं होतं. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर रस्से. मागची ताडपत्री थेट बंपरपर्यंत लोंबत होती, आणि ते मी पाहिलं होतं. वर गुंडाळून बांधायला दहा मिनिटं लागली असती. थंडीने बोटं वळत नव्हती. "जिनिंगवर तं सोडाचीच आहे," असं म्हणून मी केबिनमध्ये चढलो.

पहाटे साडेचारच्या सुमारास पोहरा-मालखेडच्या जंगलात धुवारीने गाठलं. वरचा लाइट टाकला तर तो सगळा परत डोळ्यांवर आला. खालचा टाकला तर बोनेटपुढचे चार-सहा हात दिसले. किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, खिडकीबाहेर डोकं काढून डांबराची कड सांगत होता. शेवटी मी थांबायचं ठरवलं. थांबलो ते बरोबर केलं, पण जिथे थांबलो तिथे थांबायला नको होतं. थोडं मागे एका ढाब्याचं मोकळं अंगण लागलं होतं, तिथे मी थांबलो नाही. इथे पावसाने साइडपट्टी ओली होती, भरलेली गाडी फसेल या भीतीने दोनच चाकं खाली घेतली. अर्धा ट्रक डांबरावर राहिला. पार्किंग लाइट चालू ठेवले. सीटखाली रिफ्लेक्टरचा त्रिकोण होता. पासिंगच्या वेळी दाखवायला घेतलेला, अजून प्लॅस्टिकमध्येच. तो काढला नाही. किन्नराने चाकामागे दोन दगड लावले, आणि आम्ही काचा चढवून अंगावर घोंगडी ओढली.

मागून धप्प आवाज झाला. गाडी हललीही नाही. किन्नर म्हणाला, "रोही धडकलं वाटते, भाऊ." जंगलात रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतातच. मी टॉर्च घेऊन उतरलो. आधी ऐकू आला तो कॅन घरंगळत जातानाचा आवाज. मग टॉर्चच्या उजेडात डांबरावर पसरत जाणारं दूध दिसलं, त्यातून वाफ निघत होती. त्याच्या पलीकडे मोटारसायकल, आणि तिच्याखाली एक माणूस. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला. तो शुद्धीवर होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, गाडी दिसलीच नाही ना."

आणि मी म्हणालो, "लाइट चालू होता."

तो रस्त्यावर पडलेला असताना त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. 108 ला फोन केला, अंगावर घोंगडी टाकली, अँब्युलन्स येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो, हे सगळं त्यानंतर. पण पहिलं वाक्य ते होतं.

त्याच्या पायात सळई बसली. सहा महिने तो घरी होता आणि घरच्या दोन म्हशी विकाव्या लागल्या. मी दोनदा पैसे पाठवले, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या हातून. स्वतः गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कुऱ्ह्याकडून चांदूरला येत होतो. दिवस बुडाला होता, धुवारीचा मागमूस नव्हता. अचानक पुतण्याने करकचून ब्रेक मारला. समोर, दहा हातांवर, रस्ता भरून काहीतरी काळं उभं होतं. ते चालतंय की थांबलंय तेही कळेना. कापसाचा ट्रक होता. ताडपत्री खालपर्यंत सोडलेली. बाजूने पुढे निघताना मी वळून पाहिलं, तर ताडपत्रीच्या कडेतून लालसर उजेड झिरपत होता. आत टेल लाइट चालू होता. त्या ड्रायव्हरला थांबवून विचारलं असतं, तर त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की लाइट चालू आहे. आणि ते खरंच होतं.

इतक्या वर्षांत मी रात्री माझ्या ट्रकच्या मागे कधी उभा राहिलो नव्हतो. मला पुढचं दिसतं की नाही, एवढंच पाहत आलो. मी कुणाला दिसतो का, हा प्रश्न कधी पडला नाही.

चार दिवसांनी त्या दूधवाल्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसून कडबा बांधत होता. मी म्हणालो, "दादा, लाइट चालू होता, पण तो ताडपत्रीखाली होता. तुमाले दिसूच शकत नव्हता. ताडपत्री म्या वर बांधली नाही, त्रिकोण मांडला नाही, अन् गाडी रोडवर उभी केली."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे तवाच सांगतलं असतं तं बरं झालं असतं. गावातले लोक मलेच बोलत होते. म्हणत, झोपीत गाडी चालवते म्हणून." घरातून त्याच्या बायकोने विचारलं, "आता सांगता का?" तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला वाटत होतं, ते वाक्य मला वाचवतंय. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी ते मोडक्या पायाच्या माणसावर दोष टाकत होतं. मग त्याच्या मोटार अपघात दाव्याच्या सुनावणीत मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मालकाने मला कामावरून काढलं. तो त्याचा हक्क होता.

नंतर मी हिशेब मांडून पाहिला. मोटारसायकल ताशी 50 च्या वेगाने असेल, तर एका सेकंदात ती जवळपास 14 मीटर जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे वीस मीटर तिथेच संपले. त्या पहाटे वीस मीटरवरचं काही दिसत नव्हतं. तो कितीही जागा असता, तरी त्याच्या हातात काही नव्हतं. जे होतं ते माझ्या हातात होतं. वाहन रस्त्यावर धोकादायक जागी उभं करणं हा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 122 प्रमाणे गुन्हा आहे. गाडीला पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल चमकणारी पट्टी लागते, तीही याचसाठी. पासिंग झालं की आम्ही ती चिखलाखाली जाऊ देतो.

आता आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथे ट्रकला ताशी 80 आणि कारला 120 ची मर्यादा आहे. 120 च्या वेगाने कार सेकंदाला 33 मीटर जाते. 15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर त्याच महामार्गावर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून 12 माणसं गेली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही.

दिसत नाही ते नाहीच असं धरून चालायची खोड माझी जुनी. एकदा डिसेंबरात संत्री घेऊन दिल्लीकडे जाताना आम्ही पेट्रोल पंपावर केबिन बंद करून आत निखाऱ्याची शेगडी ठेवली. मध्यरात्री किन्नराला उलटी आली म्हणून त्याने दार उघडलं. माझं डोकं ठणकत होतं, पाय उचलत नव्हते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्या पोराला उलटी आली नसती, तर सकाळी दार बाहेरून उघडावं लागलं असतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "संत्री जास्त खाल्ली असन." झोपेचंही तसंच. तेव्हा 1961 सालचा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलेलं होतं. मी सोळा-सोळा तास चालवलं आणि त्याला मर्दुमकी म्हटलं.

आता गाडी माझी स्वतःची आहे, जुनी दहा चाकी. ताडपत्री मागच्या दिव्यांच्या वर गुंडाळून बांधल्याशिवाय चाक हलत नाही. दिवे आणि पट्ट्या ओल्या फडक्याने पुसतो. शेगडी गाडीत ठेवत नाही. धुवारी दिसली की ती दाट व्हायच्या आधीच पंप किंवा ढाबा गाठतो आणि पूर्ण गाडी रस्त्याखाली घेतो. रस्त्यातच बंद पडली, तर आधी त्रिकोण घेऊन शंभर पावलं मागे चालत जातो, मग जॅक काढतो. आणि रात्री निघण्याआधी पार्किंग लाइट लावून गाडीच्या मागे दूरवर जाऊन उभा राहतो. नवा किन्नर पहिल्या दिवशी विचारतो, "काय पाहून राहिले, भाऊ?" मी त्यालाही तिथे उभं करतो.

त्या दूधवाल्याचा मुलगा आता दूध घालतो, त्याच रस्त्याने, त्याच वेळेला. मागच्या दिवाळीनंतर मी लाल पट्टीचा रोल घेऊन त्यांच्या घरी गेलो. मोटारसायकलच्या मागे आणि दोन्ही कॅनवर पट्ट्या लावल्या. बाप पाय ओढत अंगणाच्या टोकापर्यंत गेला, टॉर्च मारली आणि तिथूनच म्हणाला, "दिसते."